सात वेढे

रविंद्र पिशवी घेऊन दुकानात शिरला, हितेशच्या मशीनला वळसा घातला, जाता जाता "काय शेठ, मजेत?" म्हणाला आणि आत बसून कापड बेतणाऱ्या हितेशच्या बायकोच्या, रुपलच्या मांडीवर पिशवी ठेवून मोकळा झाला. घडलं ते एवढंच. कुणी शिवी दिली नाही, कुणी कुणाकडे वाकडं पाहिलं नाही. पण हितेशच्या पायाखालचं मशीन थांबलं आणि एका टेम्पोच्या हुडावर अर्धवट शिवण तशीच राहिली. मसोलीतल्या ह्या दुकानावर बोर्ड कुणाचा आहे? हितेश ताडपत्री आणि कव्हर. होडीचं कव्हर असो, मांडवाचा पडदा असो, माणूस आधी मशीनपाशी थांबतो, हितेशशी बोलतो, मग हितेश आत हाक मारतो. बारा वर्षांचा रिवाज आहे. आणि हा माणूस रिवाजाला वळसा घालून गेला. सोमवारची सकाळ होती, चहासुद्धा झाला नव्हता. हितेशला वाटलं, आपण दुकानात आहोत की आपल्या जागी नुसतं मशीन ठेवलंय, हे एकदा कुणाला तरी विचारावं. विचारण्यासारखं कुणी नव्हतं, म्हणून तो कात्री शोधत आत गेला. कात्री त्याच्या हातातच होती.

पिशवीत पॅराशूट होतं. निळंनारिंगी, पाण्यासारखं हातातून निसटणारं कापड आणि त्याच्या खाली दोऱ्यांचा झुबका. रविंद्र रुपलला समजावत होता आणि हितेश कडेला उभा राहून, आपल्याला समजावलं जात नसताना, सगळं समजून घेत होता. विमानातून उडी मारणाऱ्याला उंची असते, वेळ असतो. रविंद्र कड्यावरून उडी मारतो. छत्री उघडते तेव्हा मागे दगडाची भिंत असते, आणि कधी कधी छत्री उघडते तीच भिंतीकडे तोंड करून. "तेव्हा ती सुसाट पळाली तर खेळ खल्लास," रविंद्र म्हणाला. "म्हणून उघडतानाच तिचे ब्रेक जास्त ओढलेले पायजेत. हे बघ, ह्या दोन दोऱ्या, डावी नि उजवी. प्रत्येकीला डोळा हाय, दोरीचाच वळसा. हा डोळा पट्ट्यावरच्या ह्या कडीतून ओवून काढायचा नि त्यात ह्या ओढायच्या मुठीची खुटी अडकवायची, म्हणजे ब्रेक तेवढे ओढलेले राहतात. मला हा डोळा चार बोटं वर पायजे. पेनाने खूण केलीय. आणि मूठ ओढली की डोळा कडीतून सटकन सुटला पायजे. दोन्ही बाजूचा. एक सुटला नि एक अडकला तर छत्री गरागरा फिरते."

"आणि फिरायला जागा नाय," रुपल म्हणाली.

"बघ, कळलं तुला. तिकडे मनालीत एक जण होता करणारा, त्याला तीन महिने लागतात. मी म्हटलं, आपल्या रुपलसारखा हात कुणाचा नाय."

आपल्या रुपलसारखा. हितेशने तो शब्द तोंडात घोळवला. कडू लागला. पुढे रुपल म्हणाली, "रवी, तू पण ना, अजून तसाच येडा हाय," आणि हितेशच्या लक्षात आलं की ती रविंद्रला तू म्हणते. म्हणायचीच. तिघं एका शाळेत होते, ती दोन वर्गांनी मागे, तेव्हा ती हितेशलाही तूच म्हणायची. लग्न झालं आणि तो अहो झाला. लोक याला मान म्हणतात. हितेशला आज पहिल्यांदा वाटलं की ती बढती नव्हती, बदली होती.

शाळेतली एक दुपार त्याला तशी कधी विसरता आलीच नव्हती, फक्त तिच्यावर ताडपत्री टाकून ठेवली होती. खाडीवरचा पूल, भरतीचं पाणी, आणि कठड्यावर उभा रानशेतचा रविंद्र, ज्याने आठवीत येईपर्यंत दर्या पाहिलासुद्धा नव्हता. "हितेश आधी मारेल, त्याचा बाप खलाशी हाय," कुणीतरी म्हणालं. हितेश कठड्यावर चढला. पोहायला त्याला चालण्याच्या आधी आलं होतं, पाण्याची भीती नव्हती. पण वरून पाणी पाणी दिसत नव्हतं, नुसतं खाली दिसत होतं. गुडघे आपोआप मागे आले. तेवढ्यात रविंद्रने शर्ट काढला, कुणाच्या तरी हातात कोंबला आणि गेला. धप्प आवाज झाला, पोरं ओरडली. हितेश कठड्यावरून उतरला तेव्हा तो शर्ट रुपलच्या हातात होता. तिने तो घडी घालून छातीशी धरला होता, शाळकरी पोरगी जसं काहीही धरते तसा. त्या शर्टाला पुढे काही झालं नाही. रविंद्र वर आला, ओल्या अंगावर त्याने तो घातला, विषय संपला. रविंद्र नंतर कुठे कुठे भटकला, डोंगरात गेला, परदेशात कुणाच्या तरी कॅम्पवर राबला, आणि रुपल हितेशच्या घरी आली. जिंकलं कोण, हा हिशोब सरळ होता. पण मत्सराला जिंकून भागत नाही. त्याला समोरच्याने हरलेलं मान्य करावं लागतं, आणि रविंद्रला आपण हरलो हे कधी कळलंच नव्हतं. तो मजेत होता. मजेतल्या माणसाचं काय करायचं?

सोमवार, मंगळवार रुपलने दुसरं काम हातात घेतलं नाही. ब्रेकची दोरी आतून पोकळ होती. जाड सुई घेऊन तिचंच टोक तिच्या पोटात घालायचं, ओढायचं, की आपोआप डोळा तयार होतो आणि ओढ बसली की घट्ट होतो. रुपल ते करताना जीभ ओठांच्या कोपऱ्यात धरायची. हितेशला ठाऊक होतं ते. तिने त्याच्या होडीच्या कव्हरांना कधी जीभ बाहेर काढली नव्हती. मध्येच ती फोनवर रविंद्रचे व्हिडिओ बघायची: कडा, माणूस, माणूस नाही, आणि मग रंगीत ठिपका. "बघा ना," ती म्हणायची. हितेश म्हणायचा, "बघितलं." मंगळवारी दुपारी तिचा फोन मशीनवर राहिला होता, त्यावर निरोप आला आणि वाचायचं नाही असं ठरवायच्या आत वाचून झाला. तुझ्या हातावर जीव टाकतोय हां. पुढे एक हसरा चेहरा. हितेश स्वतःशी म्हणाला, त्यात काय, माझ्या कव्हराच्या भरवशावरही लोक होडी टाकतात. पण जीव आणि होडी एक नव्हे हे न कळण्याइतका तो भोळा नव्हता. बारा वर्षांत तिने असं काही आपल्याला दिलं का, की आपण असं काही तिच्या हातावर टाकलं? दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच येत होतं आणि ते त्याला नको होतं.

आणि ह्या हाताचं कौतुक तरी नवं होतं का? हितेशचा बाप गणू जाळ्यांचा माणूस होता. शेवटची सहा वर्षं तो बोटीवर गेला नाही, पडवीत बसून जाळी विणायचा आणि डागडुजी करायचा. हितेशला त्याने दहा वर्षं शिकवलं आणि नवी सून आल्यावर दोन महिन्यांत हितेशसमोर म्हणाला, "पोरीच्या हातात हाय. तुझ्या डोळ्यात हाय, हातात नाय. तू दुसऱ्याची चूक बरी काढशील." बाप असं बोलून तंबाखू मळायला लागला. त्याच्या दृष्टीने ते दोघांचंही कौतुक होतं. गणूची एक शिस्त होती. दोरीला दोरी जोडली, डोळा केला, काहीही केलं, की बुडाशी मेणाच्या दोऱ्याचे सात वेढे घालून आवळायचं. सहा नाही, सात. "सहा वेढे दर्या सोडवतो, सातव्याला कंटाळतो," तो म्हणायचा. त्यांच्या आळीत कुणाचंही जाळं उचला, प्रत्येक सांध्यावर ते फुगीर, मेणचट कडं हाताला लागतं. रुपलचे वेढे गणूच्या वेढ्यांपेक्षा रेखीव यायचे. म्हातारा जायच्या आधी त्याची जाळ्याची सुई त्याने सुनेला दिली होती. मुलाला घड्याळ दिलं.

बुधवारी काम संपलं. रुपलने दोन्ही दोऱ्या हितेशला दाखवल्या नाहीत, दाखवण्यासारखं त्याने तोंड ठेवलं नव्हतं. जेवण उरकून ती डहाणू गावात आईकडे, वेणूकडे गेली. वेणूची सुकवायला टाकलेली मासळी उचलायची होती. हितेशने दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि पिशवी उघडली. कशासाठी? उगाच शब्दांचे खेळ नकोत. दोष काढण्यासाठी. कुठेतरी एक टाका चुकलेला असेल, एक माप इकडेतिकडे असेल, आणि तो आपण संध्याकाळी सहज, कपात बघत सांगू, एवढीच त्याची मागणी होती देवाकडे.

माप चोख होतं. चार बोटं म्हणजे चार बोटं, डावी उजवी सारखी. डोळा सुबक होता. आणि डोळ्याच्या बुडाशी, जिथे दोरीचं टोक पोटात शिरलं होतं, तिथे मेणाच्या दोऱ्याचे सात वेढे.

हितेशने डोळा कडीतून ओवून काढला, मुठीची खुटी अडकवली आणि मूठ ओढली. सुटला. पुन्हा केलं. सुटला. रविंद्रनेही असंच हातात धरून ओढून पाहिलं असतं आणि वाहवा केली असती. पण हितेशचं समाधान होईना. छत्रीखाली माणूस लटकतो, हात लटकत नाही. एका होडीचा छोटा नांगर कव्हराच्या मापासाठी दुकानात पडला होता. त्याने कडी नांगराला बांधली, दोरी वाशावरून ओढून घेतली, नांगर अधांतरी केला आणि मग मूठ ओढली. वेढ्यांचा फुगवटा कडीत शिरला आणि बसला. त्याने हिसका दिला. आणखी बसला. मेणावर कडीचा व्रण उमटला. तिसऱ्या हिसक्यानंतर तो तिथेच ताडपत्रीच्या गठ्ठ्यावर बसला.

दर्यावर सगळं सुटायला बघतं, म्हणून धरून ठेवणाऱ्या गाठी. इथे सुटणं हेच काम होतं. रुपलचा हात चुकला नव्हता, हाताने पिढीजात शहाणपणा केला होता. हे कळायला बाहेरचा माणूस चालला नसता, मनालीवाल्याला सात वेढे म्हणजे काय ते माहीत नव्हतं.

गठ्ठ्यावर बसल्या बसल्या हितेशला जे वाटलं ते आधी आनंदासारखं वाटलं. सापडलं! मग त्याच्या मागोमाग दुसरं काहीतरी आलं, थंड आणि अगदी थोडा वेळ: न सांगितलं तर? रविवारी उडी आहे. कुणाला कळणार नाही. हा विचार आला, बसला, त्याला पाणीसुद्धा न विचारता हितेशने हाकलला, पण येऊन गेल्याची ऊब गठ्ठ्यावर राहिलीच. आपण मनात एकदा रविंद्रला मारलं, हे त्याला स्वच्छ दिसलं. मग राहिलं सांगणं. रुपलला सांगायचं, तिचा चेहरा उतरेल, ती रविंद्रला फोन करेल आणि म्हणेल, बरं झालं यांनी बघितलं. हे तर हवंच होतं की. पण ती रविंद्रला फोन करेल. काळजीने करेल. आवाज कापेल तिचा. तो म्हणेल, अगं होतं गं. आणि त्या दोघांमध्ये आणखी एक गोष्ट तयार होईल, तिने त्याला जवळजवळ मारलं होतं ही, आणि ती गोष्ट ते म्हातारपणी हसत सांगतील. हितेशला ते सोसेना. म्हणून त्याने तिसरं केलं. वेढे कात्रीने उसवले, मेण खरवडलं, आणि डोळ्याच्या बुडाशी मशीनवर त्याच रंगाच्या दोऱ्याने सपाट नागमोडी शिवण मारली. नांगर पुन्हा लटकवला. मूठ ओढली. सटकन. दुसऱ्या बाजूलाही तेच. पिशवी होती तशी बांधून ठेवली. आता रविंद्रचा जीव कुणाच्या हातावर होता, हे जगात एकट्या हितेशला ठाऊक होतं. ते सुख त्याने रात्री जेवताना कुणाला न देता एकट्यानेच खाल्लं. रुपलने विचारलं, "बरं नाय काय?" तो म्हणाला, "मला काय धाड भरलीय."

गुरुवारी पहाटेच तो झाईला गेला. तिथल्या दोन बोटींची कव्हरं जागेवर मापून शिवायची होती, दोन दिवसांचं काम. रविंद्र पिशवी न्यायला येईल तेव्हा समोर नको, हेही होतंच. शुक्रवारी संध्याकाळी परत आला तेव्हा रुपल थकलेली पण खुशीत होती, काहीतरी सांगायला म्हणून आली, त्याचं तोंड बघितलं आणि भाकऱ्या थापायला गेली. शनिवार तसाच गेला. रविवारी ती म्हणाली, "मी सायवनला जाणार हाय, उडी बघायला. येता तर या." तो गेला. आपली शिवण होती ना ती.

सायवनच्या मागे डोंगराला एका अंगाने चढाव आहे आणि दुसऱ्या अंगाने एकदम काही नाही. साडेचारशे फूट, कुणी म्हणे पाचशे. बाईक वाडीत लावून ते वर चढले तेव्हा ऊन कोवळं होतं. वर रविंद्र होता आणि तलासरीची शितल होती, शाळेत खेळ शिकवणारी, पंचविशीतली बारकी पोरगी, रविंद्रच्या हाताखाली दोन वर्षं शिकलेली. खाली कापलेल्या भातशेतात दोघं वॉकीटॉकी घेऊन उभे होते. हितेश कड्यापासून चार पावलं मागे थांबला. गुडघ्यांना जुनी ओळख होती. रविंद्रने रुपलकडे बघून अंगठा वर केला, मग हितेशकडे बघूनही केला, आणि कड्यावरून पाऊल टाकलं, जणू ओटीवरून अंगणात उतरतोय.

हितेशचे ओठ हलत होते. तो देवाचं नाव घेत नव्हता, शिवण आठवत होता. डावी नागमोडी, उजवी नागमोडी. फडाड आवाज झाला. छत्री उघडली, थोडी डोंगराकडे कलली, पण संथ, अगदी संथ, आणि मग दोन्ही ब्रेक सुटलेले दिसले आणि ती सरळ शेताकडे गेली. रुपलने टाळी वाजवली. थोड्या वेळाने वॉकीटॉकीवर रविंद्रचा धापा टाकणारा आवाज आला, "रुपल, मख्खन! एकदम मख्खन! हात लावला नि सुटले!" रुपल हसली आणि तिने पदराने डोळे पुसले. हितेशने तिचे ते डोळे पाहिले. जगातलं सगळ्यात चांगलं काम आपण केलं होतं आणि त्याचा पगार दुसऱ्याच खिडकीवर वाटला जात होता. ओरडावंसं वाटलं, माझं आहे ते!

"आता मी," शितल म्हणाली. तिने पट्टे आवळले. रुपल पुढे झाली, तिच्या खांद्यावरची पट्टी सारखी केली आणि म्हणाली, "घाबरू नको. तुझे पण तसेच केलेत, डिट्टो."

"हिचे कधी केलेस?" हितेशने विचारलं.

"गुरुवारी. रवी त्याची न्यायला आला नि हिची देऊन गेला. एका दिवसात झाली, हात बसला होता. सांगणार होते तुम्हाला, पण तुमचं तोंड बघून सांगावंसं वाटलं नाय."

शितल कड्याकडे वळली. चार पावलं होती. गुरुवार म्हणजे बुधवारनंतर. बुधवारी त्याने तोंड उघडलं असतं तर गुरुवारी रुपलच्या हाताने वेढे घातले नसते. आता बोललं तर बुधवार बाहेर येणार होता, सगळाच्या सगळा, गठ्ठ्यासकट. हितेशने हा विचार केला. शितलने एक पाऊल टाकलं, त्या वेळात केला. दुसरं टाकलं तेव्हाही तो विचारच करत होता, हे नंतर त्याला स्वतःपासून लपवता आलं नाही. तिसऱ्याला तो ओरडला, "थांब! शितल, थांब! सुटणार नाय ते!" आणि ज्या कड्याकडे जायला त्याचे गुडघे तयार नव्हते तिथे जाऊन त्याने तिच्या पाठीवरची पिशवी दोन्ही हातांनी धरली.

तिला मागे आणून बसवलं. तिने सकाळभर घातलेली घडी मोडावी लागली, तोंडातल्या तोंडात ती काहीतरी म्हणाली. हितेशने दोरी वरून पूर्ण वजन टाकून ताणली. "ओढ मूठ," तो म्हणाला. शितलने ओढली. फुगवटा कडीत बसला. तिने पुन्हा ओढली, दोन्ही हातांनी, पाय रोवून. मग तिने मूठ सोडली, कड्याकडे पाहिलं आणि तिथेच मांडी घालून बसली.

रुपलने दोरी हातात घेतली. सात वेढ्यांवरून अंगठा फिरवला. तिला समजायला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. चेहऱ्याचा रंग गेला तिच्या. मग ती हळूच म्हणाली, "रवीचे सुटले. त्याला पण मी सातच घातले होते."

हितेशने खाली शेतात पसरलेल्या निळ्यानारिंगी छत्रीकडे पाहिलं.

"तुम्ही उसवले?"

"हो."

"कधी?"

"बुधवारी."

ती मनात काहीतरी मोजत होती. बुधवार, गुरुवार, शुक्रवार, शनिवार. ओठ हलताना दिसत होते. तिने आरडाओरडा केला असता, रडली असती, तर हितेशला काहीतरी बोलता आलं असतं. त्याने दोन वाक्यं तयारही ठेवली होती. तिने पर्समधून छोटी कात्री काढली आणि वेढे एकेक करून कापायला लागली. कापताना जीभ बाहेर आली नाही. खालून रविंद्र वॉकीटॉकीवर विचारत होता, काय झालं, शितल का नाही आली, कुणीतरी बोला.

"ताई," शितल शेवटी म्हणाली. आवाज अजून ताळ्यावर नव्हता. "पुन्हा शिवायला कुणाकडे देऊ?"

"माझ्याकडेच दे. मला आता कळलं," रुपल कात्रीवरची नजर न काढता म्हणाली. "तपासायला मात्र यांनाच दे. चूक काढण्यात यांचा हात धरणारा कोणी नाय. फक्त सापडली तर सांगाल ना, असं विचारून आधी कबूल करून घे."

शितलने हितेशकडे पाहिलं. ती खरंच उत्तराची वाट बघत होती.